खालच्या तळ्यातला उजेड

१

बावड्याच्या संभाजीरावांच्या खालच्या तळ्यात सकाळी सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते आणि काठावरच्या दगडांवर पिवळी पूड सांडलेली होती. एवढ्या दोन गोष्टींवरून गावानं निकाल देऊन टाकला. तळ्यावरच्या मल्हारनं विष घातलं!

मी जन्मभर बारामतीच्या कोर्टात बेलिफ होतो. कोर्टात निकालाची वाट बघून माणसं म्हातारी होतात, गावात तो चहा उकळायच्या आत लागतो. पण खोटं कशाला बोलू, फोनवर हकिगत ऐकली तेव्हा मीही मनातल्या मनात मल्हारला आत टाकून मोकळा झालो होतो. मला माणसावर पटकन विश्वास बसत नाही. ज्यानं आयुष्यभर समन्स वाटले, त्याला प्रत्येक दारामागे कुणीतरी लपलेलंच दिसतं.

संभाजीरावांनी बोलावलं होतं माझ्या भाचीला. योगिनीची बारामतीत पाणी आणि माती तपासायची प्रयोगशाळा आहे. हुशार पोरगी, पण गाडी चालवायला बसली की मला देव आठवतो, म्हणून गाडी मीच चालवतो. त्या दिवशीही मीच नेलं. चैत्राचं ऊन असं की इंदापूर ओलांडेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायची सोय राहिली नाही.

संभाजीरावांची ही जमीन म्हणजे एके काळचा उसाचा फड. पाणी देऊन देऊन जमिनीला मीठ फुटलं, ऊस पिवळा पडला, बोअरचं पाणी तोंडात धरवेना. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. या बहाद्दरानं तिथं दोन तळी खणली, त्या खारट पाण्यात आणखी मीठ मिसळलं आणि कोकणातून जिताड्याची पिल्लं आणून सोडली. समुद्राचा मासा, इंदापूर तालुक्यात! लोक पोराबाळांसकट समुद्र बघायला यायचे.

आता खालच्या तळ्याकडं बघवत नव्हतं. हातभर लांबीचे रुपेरी मासे काठाला लागले होते. बांधावर ट्रॉलीच्या चाकांचे वळ, कडेला शेतात टाकायच्या काळ्या खताचा ढीग, त्यावर माश्या. योगिनीचा पाय त्या ढिगात गेला आणि चप्पल बरबटली. तिनं ती दगडाला घासली आणि तिथंच वाकून पिवळी पूड चिमटीत धरली.

"मॅडम, हात लावू नगा! विष हाय त्ये!" संभाजीराव ओरडले.

तिनं पूड हुंगली. आणि मी "अगं" म्हणायच्या आत जिभेवर ठेवली.

"हळद आहे," ती म्हणाली.

२

हळदीनं मासे मरत नाहीत हे मलाही कळतं. पण मग तळ्यात हळद टाकायला हा माणूस काय लोणचं घालत होता?

मल्हार तळ्याकाठच्या पत्र्याच्या खोलीबाहेर उकिडवा बसला होता. त्याच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, हा राखणीच्या कामाला लागला. आत त्याची बायको म्हाळसा भांडी पोत्यात भरत होती. मल्हार आणि म्हाळसा. जोडी खंडोबानंच लावलेली, पण त्या दिवशी देव पाठीशी दिसत नव्हता. संध्याकाळपर्यंत निघायचं, नाहीतर पोलीस बोलावतो, असं संभाजीरावांनी भर पारावर सांगितलं होतं. माशाला विष घालणारा म्हणून हाकललेल्या माणसाला पुढं कोण राखणीला ठेवणार?

"भंडारा होता ना तो?" योगिनीनं विचारलं.

"व्हय. देवाला गेलतो. चार दिस न्हवतो हितं. येताना आणला."

"आणि तळ्यात का टाकलास?"

मल्हार जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिला.

"सांग की!" मी दटावलं. आवाजातला बेलिफ अजून जात नाही.

"सांगून काय उपेग, मामा. हसशिला तुमी."

"नाही हसणार," योगिनी त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. "तळ्यात तू रोज काय काय टाकतोस, ते तरी सांग."

"खाद्य. आन् काकवी. दोन्ही तळ्यांला बादलीभर पाण्यात कालवून. पिल्लं इकणाऱ्या ऋषीदादांनी आणून दिलेलं पिंप हाय खोलीमागं. आल्यापासनं परत चालू केली, एक दिस चुकवला न्हाय."

माशांना काकवी! आमच्या ताटात यायची बंद झाली आणि इथं मासे खातात. मी काहीतरी खवचट बोलणार, तेवढ्यात मल्हारनं मान वर केली. त्याचे डोळे भरले होते.

"मॅडम, त्या पाण्यात कोणतरी हाय," तो म्हणाला. "म्या बघितलंय."

३

याहून जास्त तो बोलेना. संभाजीरावांबरोबर आम्ही घराकडं वळलो. ओसरीवर संभाजीरावांची आई बसली होती. लीलाबाई, सगळे आक्का म्हणतात. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा लावून ताठ बसलेल्या. मल्हारविरुद्धची मुख्य साक्षीदार हीच.

"म्या सवता बघितलं," आक्का म्हणाल्या. "जेवणं झाल्यावर हितं बसलं की तळं दिसतं. काठाकाठानं बॅटरीचा उजीड फिरत व्हता. त्याच्याबिगर तितं कोण हाय फिराय?"

झालं, मी म्हटलं. साक्ष पक्की.

"आक्का, उजेड कसल्या रंगाचा होता?" योगिनीनं विचारलं.

"रंग? निळसर. हिरवट म्हन."

"बॅटरीचा उजेड निळा असतो का?"

"माज्या ह्या डोळ्याला समदंच निळं दिसाय लागलंय, बाई. डाक्टर म्हनला, दिसंल थोडं दिस. भिताडबी निळं दिसतंय."

"वारा होता का तेव्हा?"

मी कपाळाला हात लावला. खुनाच्या चौकशीत वारा! पण आक्कांनी जरा विचार केला.

"व्हता की. वारं आलं की उजीड वाढायचा. आन् त्यो पंखा फिरतो न्हवं पाण्यातला, त्याच्याभवती लई. बॅटरी धरून पंख्याभवती काय करतोय, मला तवाच संशय आला."

"काठावर नाही, पाण्यात हवा घालणाऱ्या पंख्याभोवती," योगिनी सावकाश म्हणाली. "आणि हा उजेड पहिल्यांदा कधी दिसला?"

आक्कांनी पदरानं चष्म्याखालचं पाणी टिपलं.

"इसरून कसं जाईन. म्हाळसा सांजंला ताक न्यायला आलती. मालक देवाला गेल्यात, एकटीला भ्या वाटतंय म्हनत व्हती. त्याच राती दिसला पहिल्यांदा."

सगळ्यात आधी संभाजीरावांचं तोंड उतरलं. उजेड दिसला त्या रात्री मल्हार गावातच नव्हता.

४

मग मी माझा संशय ऋषिराजकडं वळवला. रिकामा कसा ठेवणार? हा जळोचीचा तरुण, मत्स्यशास्त्र शिकलेला. माशांची पिल्लं, खाद्य आणि सल्ला तिन्ही विकतो. बातमी ऐकून मोटारसायकल दामटत आला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि कपाळावर घाम. मला असला घाम ओळखीचा आहे.

"पिल्लंच रोगट दिलीस का रे?" मी थेट विचारलं.

"एकाच गाडीतली पिल्लं दोन्ही तळ्यांत सोडलीत, मामा. वरचं तळं बघा की, मासे उड्या मारतायत." मग आवाज उतरवून तो योगिनीला म्हणाला, "पण एक आहे, ताई. किनाऱ्यावरचे, पिल्लं तयार करणारे हॅचरीवाले घाबरलेत. समुद्राचं पाणी तापतंय. पूर्वी थंडीत जे जंतू दबून जायचे, ते आता वर्षभर टिकतात. पिल्लांबरोबर थोडेफार येतातच. म्हणून तर मी ह्या तात्यांना फोनवर बजावलं होतं, पाणी तापलंय, मल्हार नाही, तरी मळीत खंड पडू देऊ नका."

"न्हाय पडू दिला," संभाजीराव म्हणाले. "रोज सवता टाकली."

योगिनीनं दोघांकडं पाहिलं. तिनं खालच्या तळ्याचं पाणी एका काचेच्या बाटलीत भरलं, वरच्या तळ्याचं दुसरीत, आणि म्हणाली, "पाण्याच्या मोटारीच्या खोलीत चला. मल्हारलाही बोलवा."

भर दुपारची वेळ. मोटारीची खोली म्हणजे दगडी, बिनखिडकीची कोंडी. आत शिरून तिनं दार लावलं आणि फटीला पोतं लावलं. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना असा अंधार. ऑइलचा वास, आमचे श्वास आणि वर तापलेला पत्रा. थोडा वेळ काहीच घडलं नाही. माझ्या मनात आलं, पोरगी शिकून वाया गेली.

मग तिनं बाटली हलवली.

देवाशपथ सांगतो, मी असं काही कधी पाहिलं नव्हतं. बाटलीभर निळा उजेड जागा झाला. ज्योत नाही, ठिणगी नाही, ऊब नाही. नुसता उजेड, पाण्याच्या पोटातून आलेला. त्या उजेडात मला योगिनीची बोटं दिसली, तिच्या अंगठीचा खडा दिसला. ती थांबली की तो मंद व्हायचा, हलवली की पुन्हा भरून यायचा. तिनं बरोबर आणलेला मेलेला जिताडा खाली ठेवला होता. त्याचे कल्ले तसेच निळे पेटले होते. मेलेल्या जिवातून एवढा उजेड! माझे हात आपोआप जोडले गेले. कुणाला जोडले ते मला आजही सांगता येणार नाही.

"ह्योच," अंधारातून मल्हारचा आवाज आला. "ह्योच बघितला म्या. आलो त्याच राती. वाटलं, देव माज्या मागनं हितवर आला. म्हून भंडारा वाहिला."

कुणीही हसलं नाही.

"हे जंतू आहेत, मल्हार," योगिनी हळू बोलली, देवळात बोलतात तशी. "समुद्रातले. एका थेंबात आपल्या तालुक्यातल्या माणसांहून जास्त असतील. एकटेदुकटे असले की उजळत नाहीत. प्रत्येक जण पाण्यात आपली एक खूण सोडतो. खुणा दाट झाल्या की त्यांना कळतं, पुरेसे जमलो. मग सगळे एकदम उजळतात, आणि वाऱ्यानं, पंख्यानं पाण्यात हवा मिसळली की जास्तच."

"म्हंजी आमच्या कारखान्याच्या सभेवानी," संभाजीराव पुटपुटले. "कोरम भरला की कामकाज सुरू."

"अगदी तसंच. आणि इथं कामकाज म्हणजे माशांवर हल्ला."

तिनं दुसरी बाटली हलवली. वरच्या तळ्याची. काळा अंधार.

"तिथंही ते असतील, पण कोरम नाही," ती म्हणाली. "ऊन दोन्ही तळ्यांवर सारखंच, पाणी एकाच बोअरचं, पिल्लं एकाच गाडीतली. मग खालच्या तळ्यात असं काय गेलं, जे वरच्यात गेलं नाही?"

५

दार उघडून बाहेर आलो तेव्हा ऊन डोळ्यांत घुसलं. वरच्या तळ्याकडून फावड्याचा आवाज येत होता. संभाजीरावांचा ट्रॅक्टरवाला तिकडं काहीतरी ओढत होता.

"मी आज तिघांकडून एकाच प्रश्नाचं उत्तर ऐकलं," योगिनी म्हणाली. "जंतूंना आवरायला पाण्यात काय टाकता? मल्हार म्हणाला, काकवी. ऋषिराज म्हणाला, मळी. तात्या म्हणाले, मळी."

"मग मल्हारचंच चुकलं!" मी म्हणालो. मला निकालाची घाई फार. "दोघांचं जमतं, याचंच वेगळं."

"दोघांचा शब्द जमतो, मामा. ऋषिराज, तू म्हणतोस ती मळी कुठं आहे? बोटानं दाखव. तात्या, तुम्हीपण. बोलू नका, नुसतं दाखवा."

ऋषिराजनं मल्हारच्या खोलीमागच्या पिंपाकडं बोट केलं.

संभाजीरावांनी खालच्या बांधावरच्या काळ्या ढिगाकडं.

क्षणभर दोन्ही हात तसेच राहिले, एक उगवतीला, एक मावळतीला. मग ऋषिराजचा हात खाली आला.

"तात्या," तो कसाबसा म्हणाला, "ती नव्हे हो. ती शेतात टाकायची मळी. उसाचा रस गाळून राहिलेला गाळ. मी सांगितली ती साखर काढून उरलेली गोड मळी. पातळ, पिंपातली."

"त्याला तर मल्हार काकवी म्हनतो!"

"रंग तसाच आहे म्हणून म्हणतो," योगिनी म्हणाली. "एवढे दिवस त्या एका चुकीच्या शब्दानं काम बरोबर चाललं होतं."

उसाच्या मुलखात जन्म गेला आमचा. कारखान्यातून गोड निघते तीही मळी आणि घाण निघते तीही मळी. शेतकऱ्याला मळी म्हणजे ट्रॉलीतली, कारण तीच त्याच्या रानात येते. फोनवर 'मळी टाका' ऐकून मीसुद्धा ट्रॉलीच सांगितली असती. योगिनीच्या चप्पलेला सकाळपासून पुरावा चिकटलेला होता आणि मी तो वास नाक मुरडून सहन करत होतो.

"पाण्यात भले जंतूही असतात," ती सांगत होती. "गोड मळी हा त्यांचा खुराक. ते पोसले की या उजेडवाल्यांना जागा राहत नाही. तुमची मळी तळाला बसली, तापलेल्या पाण्यात कुजली, पाण्यातली हवा खाऊन गेली. मासे गुदमरून दुबळे झाले आणि उजेडवाल्यांना आयतं ताट मिळालं. थंड पाण्यात कदाचित निभावलं असतं. पण यंदा पाणीच तापलंय, तिथल्या समुद्राचं आणि इथल्या तळ्याचंही. मल्हार येऊन पुन्हा गोड मळी द्यायला लागला, तोवर उशीर झाला होता."

"वरच्या तळ्यात न्हाय टाकली," संभाजीराव बधिर होऊन म्हणाले. "तितला बांध अरुंद. ट्रॉली जात न्हवती. म्हून आज..."

ते बोलता बोलता थांबले. वरून फावड्याचा आवाज चालूच होता.

"आज बांध रुंद कराय लावला," ते म्हणाले. "खालचं मेलं, ऋषी म्हनतो तशी मळी घालून वरचं तरी वाचावं म्हून. दोन ट्रॉल्या टाकाय सांगितल्यात."

आणि तो भरल्या अंगाचा माणूस धावत सुटला. धोतराचा सोगा हातात, पायातली पायताणं मागं पडलेली, "थांब! आरं थांब! ट्रॉली उलटू नगंस!" असं ओरडत. आम्ही पोचलो तेव्हा ट्रॉलीचं तोंड पाण्याकडं होतं आणि ट्रॅक्टरवाल्याचा हात दांड्यावर. संभाजीराव मागच्या फळीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे होते. जणू ती ट्रॉली ते एकटेच पेलणार होते. त्यांच्या मागं वरच्या तळ्यात एक जिताडा उसळला, चमकला आणि पाण्यात गेला.

६

परत आलो तर मल्हार खांद्यावर पोतं घेऊन निघालेला. म्हाळसाच्या डोक्यावर दुसरं.

संभाजीराव त्याच्यापुढं उभे राहिले. घामानं सदरा अंगाला चिकटलेला. "मल्हार, चुकलं माजं. जाऊ नगंस."

मल्हारनं त्यांच्याकडं न बघता योगिनीला विचारलं, "मॅडम, मंग त्यो उजीड देव न्हवता व्हय?"

मला वाटलं आता ही शास्त्र सांगणार. पण ती तळ्याकडं वळली.

"तो जिवंत होता, एवढं मला माहीत आहे," ती म्हणाली. "माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून समुद्रात तो तसाच उजळतोय. त्याला वाईट मी म्हणणार नाही. आपण त्याला भलत्या ठिकाणी भलतं जेवायला घातलं. भंडारा वाहिलास त्यात तुझं काही चुकलं नाही."

मल्हारनं मान हलवली. मग तो संभाजीरावांकडं वळला.

"तात्या, हितं म्हनून काय उपेग? मला विष घालणारा म्हनलात त्ये पारावर."

संभाजीराव पायताणं शोधायलाही थांबले नाहीत. तसेच अनवाणी, तापलेल्या डांबरावरून पाराकडं चालू लागले आणि मागून आम्ही सगळे. सहकारी सोसायटीत ज्यांच्या शब्दाला मान, अशा माणसाचे पाय पोळत होते आणि वेग मात्र कमी होत नव्हता. कोर्टात मी माफीनामे पुष्कळ पाहिले, ते सगळे वकिलांनी लिहिलेले.

पारावर नेहमीची मंडळी होती. सकाळी निकाल देणारी तीच.

"ऐका रं," संभाजीराव म्हणाले. "मासं म्या मारलं. मल्हारनं न्हाय. सकाळी म्या बोललो त्ये खोटं व्हतं."

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमी? कशानं, तात्या?"

"मळी टाकली तळ्यात. ट्रॉलीतली."

पारावर कुजबुज झाली. म्हातारा हसला. "काय तरीच! मळीनं कुटं मासं मरत्यात व्हय? खत हाय त्ये!"

"व्हय," संभाजीराव म्हणाले. "मलाबी आसंच वाटलं व्हतं."

म्हातारा हसायचा थांबला. पारावरच्या एकेकाच्या तोंडाकडं मी बघत होतो. प्रत्येक जण मनातल्या मनात त्या तळ्याच्या काठावर उभा होता आणि प्रत्येकाच्या हातातल्या बादलीत मळी ट्रॉलीतलीच होती.

मल्हारनं पोतं खांद्यावरून उतरवलं आणि म्हाळसाच्या डोक्यावरचं खाली घेतलं.

"चल," तो तिला म्हणाला. "वरच्या तळ्याला काकवी द्यायची राह्यलीय."